घोटाआधीचा तास: दारूच्या व्यसनावर सीबीटीनं समुपदेशन कसं करायचं

पिऊन झालेल्या माणसाशी सगळेच बोलतात. घरचे रडतात, शपथ घ्यायला लावतात. डॉक्टर यकृताचा रिपोर्ट पुढे ठेवतात. दारू वाईट आहे हे त्याला ठाऊक असतं, बहुतेकदा आपल्यापेक्षा जास्त. बोधात्मक वर्तनोपचार, म्हणजे सीबीटी, वेगळ्या ठिकाणी हात घालते: पहिल्या घोटाआधीच्या तासात. त्या तासात काय घडलं, मनात कोणतं वाक्य आलं, शरीराला काय जाणवलं, पाय कुठे वळले, हे त्याच्यासोबत बसून बारकाईनं पाहायचं आणि त्या साखळीतली एखादी कडी बदलण्याचा सराव करून घ्यायचा. समुपदेशकाचं बाकीचं सगळं काम या एका तासाभोवती फिरतं.

हे लेखन प्रशिक्षित किंवा प्रशिक्षण घेत असलेल्या समुपदेशकांसाठी आहे. पहिला भाग मात्र घरच्यांनीही जरूर वाचावा. लिहिण्याच्या सोयीसाठी 'तो' म्हटलं आहे, पण समोर बाईही असू शकते. बदनामीच्या भीतीनं बायका बऱ्याचदा घरात एकट्यानं, लपवून पितात. त्यामुळे 'मित्रांना नाही कसं म्हणायचं' यासारखा ठरीव धडा त्यांच्यापुढे ठेवून उपयोग नसतो. साखळी प्रत्येकाची आपापली असते.

आधी शरीर सुरक्षित आहे का ते पाहा

रोज भरपूर पिणाऱ्याला पहिल्याच भेटीत 'आजपासून थेंबही नको' असं सांगणं जिवावर बेतू शकतं. दारूची सवय झालेल्या शरीरातली दारू अचानक बंद झाली, की शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते ८ तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ, धडधड, बेचैनी सुरू होते. फिट येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत असतो. ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान काहींना डिलिरियम ट्रेमेन्स होतो. त्यात भ्रम, भास, ताप, दिवस-रात्रीचं भान सुटणं दिसतं आणि उपचार न मिळाल्यास मृत्यूही ओढवू शकतो. म्हणून पहिल्या दहा मिनिटांत हे प्रश्न विचारायचे: शेवटचं कधी घेतलं, किती? सकाळी हात थरथरतात का, आणि घोट घेतल्यावर थांबतात का? पूर्वी दारू सोडताना फिट आली होती का, भास झाले होते का? झोपेच्या किंवा इतर नशेच्या गोळ्याही चालू आहेत का?

यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर काळजीचं वाटलं, तर समुपदेशन थांबवून आधी डॉक्टरकडे पाठवायचं. शरीरातून दारू उतरवण्याचे पहिले काही दिवस वैद्यकीय देखरेखीचे असतात. त्यात औषधांसोबत थायामिन, म्हणजे जीवनसत्त्व बी१, दिलं जातं. चालताना तोल जाणं, डोळ्यांची हालचाल बिघडणं, गोंधळल्यासारखं बोलणं यांपैकी काहीही दिसलं तर 'चढली असेल' म्हणून सोडून देऊ नका. थायामिनच्या कमतरतेनं मेंदूला इजा होत असल्याची ती खूण असू शकते आणि तिथे वेळ घालवून चालत नाही.

आत्महत्येबद्दल सरळ विचारा: 'जगणं नको असं वाटतं का? तसं काही करायचा विचार आला होता का?' विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. न विचारल्यानं मात्र तो एकट्याच्याच डोक्यात राहतो. उत्तर 'हो' असेल तर त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाशी बोलायचं. हे पुढच्या सत्रावर ढकलायचं नाही.

व्यसन किती खोल आहे याचा अंदाज घ्यायला जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' प्रश्नावली सोपी पडते. तिच्यात १० प्रश्न आहेत आणि गुण ० ते ४० पर्यंत जातात. ८ किंवा त्याहून जास्त गुण म्हणजे धोक्याचं पिणं. २० किंवा जास्त असतील तर अवलंबित्वाची शक्यता मोठी, आणि अशा माणसाला पूर्ण तपासणी हवी. यातले काही प्रश्न गेल्या वर्षभराबद्दल असल्यामुळे दर आठवड्याची प्रगती या प्रश्नावलीनं मोजता येत नाही.

त्यासाठी मोजायचे दोन आकडे: आठवड्यात किती दिवस प्यायला आणि एकूण किती युनिट. १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल म्हणजे एक युनिट, असं मोजलं की हिशेब सोपा जातो (काही देशांत युनिट वेगळं धरतात, म्हणून एकच माप ठरवून तेच शेवटपर्यंत वापरा). मिलिलिटर गुणिले टक्केवारी भागिले १०० गुणिले ०.७९, म्हणजे ग्रॅम आले. ४० टक्क्यांची १८० मिलि दारू म्हणजे सुमारे ५७ ग्रॅम, पावणेसहा युनिट. ५ टक्क्यांची ६५० मिलिची बिअरची बाटली म्हणजे साधारण अडीच युनिट. 'मी फक्त बिअर घेतो' असं म्हणणाऱ्याला हा हिशेब स्वतःच्या हातानं करू द्या. चार बाटल्यांचे दहा युनिट कागदावर उतरले की वेगळं समजावायला लागत नाही.

ध्येय कुणाचं

फिटचा इतिहास, यकृताचा आजार, गर्भारपण किंवा तीव्र अवलंबित्व असेल तर पूर्ण बंद हाच सुरक्षित सल्ला, आणि तो स्पष्टपणे द्यायचा. पण सल्ला देणं वेगळं आणि ध्येय ठरणं वेगळं. ध्येय त्याच्या तोंडून यायला हवं. 'दारू सोडणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं? ० ते १० मध्ये सांगा.' तो ४ म्हणाला, तर '१० का नाही?' असं विचारू नका. त्यानं तो न सोडण्याची कारणं देऊ लागतो. विचारायचं, '४ म्हणालात, १ का नाही म्हणालात?' आता तो सोडण्याची कारणं स्वतः बोलतो. ती त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा, पुढे लागणार आहेत. नंतर तोच प्रश्न 'जमेल असं किती वाटतं?' यासाठी. महत्त्व ८ आणि खात्री २ असेल, तर तुमचं काम उपदेशाचं नाही, कौशल्यं शिकवण्याचं आहे. सीबीटीचा खरा उपयोग तिथेच होतो.

पिण्याचे फायदेही विचारायचे. नवखे समुपदेशक इथे बिचकतात. फायदा मिळत नसता तर माणूस प्यायलाच नसता. तो फायदा नेमका कोणता हे कळल्याशिवाय त्याच्या जागी काय ठेवायचं ते कसं कळणार?

सत्राची मांडणी

साधारण १२ सत्रं, आठवड्याला एक, प्रत्येक ५० ते ६० मिनिटांचं. पहिले दोन आठवडे जमल्यास आठवड्यातून दोनदा भेटा, कारण घसरण्याचा धोका सुरुवातीला सर्वांत जास्त असतो. तासाचे तीन भाग करा. पहिली २० मिनिटं गेल्या आठवड्याची: प्यायला का, तलफ कधी आली, गृहपाठाचं काय झालं. मधली २० मिनिटं एक नवं कौशल्य आणि त्याचा सराव. शेवटची २० मिनिटं पुढच्या आठवड्याची: कोणता दिवस अवघड जाईल, तेव्हा काय करायचं, कोणता गृहपाठ. घरातल्या भांडणाची गोष्ट सुरू झाली की पहिला भाग पन्नास मिनिटं खातो आणि माणूस मन हलकं करून, पण हाती काहीच न घेता घरी जातो. ऐकून घ्या, आणि त्याच भांडणातून साखळी काढायला घ्या.

दारू सोडल्यावरचे पहिले काही आठवडे लक्ष आणि स्मरणशक्ती मंद असते. म्हणून एका सत्रात एकच कौशल्य, एकच गृहपाठ, तोही अर्ध्या पानाचा. लिहायला न येणाऱ्यानं फोनवर आवाज रेकॉर्ड केला किंवा कॅलेंडरवर खुणा केल्या तरी चालतं. गृहपाठ केला नाही तर रागावू नका, सोडूनही देऊ नका. सत्रातच पाच मिनिटं घेऊन दोघं मिळून भरा. दोनदा दुर्लक्ष झालं की तो समजतो, हा कागद नुसता दाखवण्यापुरता आहे.

पिऊन आला तर सत्र घ्यायचं नाही. अपमान न करता सांगायचं: 'आलात हे बरं केलंत. आज बोललेलं लक्षात राहणार नाही, म्हणून उद्या ११ वाजता भेटू.' तो गाडी चालवत परत जाणार नाही याची सोय करून मगच निरोप द्या. हा नियम पहिल्याच भेटीत सांगून ठेवलेला असावा. गुप्ततेच्या मर्यादाही तेव्हाच सांगायच्या: जिवाला धोका दिसला तर आपण इतरांना कळवणार.

साखळी उलगडणं

नुकताच प्यायलेला एकच प्रसंग घ्या. 'मी टेन्शनमध्ये पितो' हे उत्तर पुरेसं नाही, कारण टेन्शन रोज असतं. वार, वेळ, जागा विचारा आणि चित्रफीत हळू चालवल्यासारखं मागे न्या. कागदावर साखळी अशी उतरते:

घटना: गुरुवार, संध्याकाळी ६:४०, कामावरून निघताना साहेब चारचौघांत बोलले.
विचार: 'इतकं राबून माझी किंमत शून्य.'
भावना: अपमान ८०, राग ७० (१०० पैकी).
शरीर: जबडा आवळलेला, तोंडाला कोरड, पोट रिकामं.
छोटे निर्णय: घरी 'उशीर होईल' असा मेसेज, मग दुकानावरून जाणारा रस्ता.
परवानगी: 'आज तर हक्कच आहे माझा. दोनच घेतो.'
कृती: ७:३० ते १०, सहा युनिट.
लगेच मिळालं: वीस मिनिटांत हलकं वाटलं, साहेबांचा चेहरा डोळ्यांसमोरून गेला.
नंतर: घरी भांडण, रात्री ३ ला जाग, सकाळी कामावर उशीर, साहेब पुन्हा बोलले.

शेवटची ओळ पहिल्या ओळीला जाऊन मिळते हे त्याला स्वतःला दिसू द्या, तुम्ही बोट ठेवू नका. मग विचारा, 'यात पिण्याचा निर्णय कुठे झाला?' बहुतेक जण आधी 'दुकानात' म्हणतात. थोडं थांबलात तर बोट वर सरकत सरकत 'उशीर होईल' या मेसेजपाशी येतं. दुकानात पोचेपर्यंत तलफ ९० ला असते आणि तिथे थांबणं फार कठीण. ६:४५ ला, मेसेज टाइप करताना, ती ४० असते. कडी तिथे तोडायची. पोट रिकामं होतं हीसुद्धा एक कडी आहे. भूक, राग, एकटेपणा, थकवा या चार गोष्टी तलफेला खतपाणी घालतात, आणि संध्याकाळी ५ ला काहीतरी खाणं हा काही जणांसाठी सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

आनंदाच्या प्रसंगांचीही साखळी काढा. पगार झाला, सामना जिंकला, जुना मित्र भेटला. फक्त दुःखाच्या साखळ्यांवर काम केलं तर पहिल्या समारंभातच माणूस उघडा पडतो. तीन-चार प्रसंग झाले की नमुना दिसू लागतो: कोणता वार, कोणती वेळ, कोण सोबत, खिशात किती पैसे.

घोटाआधीचं वाक्य

साखळीतल्या विचारांचे तीन प्रकार वेगळे ओळखायला शिकवा, कारण प्रत्येकाला उत्तर वेगळं लागतं.

अपेक्षेचं वाक्य: 'घेतल्याशिवाय पार्टीत मजा येणार नाही.' याची पडताळणी करता येते. दारू न घेता एक तास जायचं, आधी लिहायचं की मजा १० पैकी किती येईल, आणि परतल्यावर लिहायचं की किती आली. अंदाज २ आणि प्रत्यक्ष ५ असा फरक दिसला, तर तो तुमच्या शंभर वाक्यांपेक्षा खोल जातो. हा प्रयोग सुरुवातीच्या आठवड्यांत मात्र करू नका आणि सोबत न पिणारा एक जण असू द्या.

सुटकेचं वाक्य: 'हे सहन होत नाही, घेतल्याशिवाय झोप लागणार नाही.' यात थोडं तथ्य असतं. ते नाकारू नका. सोडल्यावर झोप कित्येक आठवडे बिघडलेली राहते. म्हणून आधीच सांगून ठेवा की हा दारू उतरण्याचा भाग आहे आणि हळूहळू सुधारतो. दारूनं झोप लवकर लागते, पण रात्रीच्या उत्तरार्धात मोडते, ही गोष्ट त्याच्या स्वतःच्या '३ ला जाग' या नोंदीतून दाखवा.

परवानगीचं वाक्य सर्वांत घातक: 'आजच्या दिवस', 'एकच पेग', 'महिनाभर सोडली, आता ताबा आहे', 'मोडलीच आहे तर पूर्ण पिऊ'. हे वाक्य क्षणभरच येतं आणि खरं वाटतं. प्रश्न असे विचारा: 'गेल्या दहा वेळा "एकच" म्हणालात, किती वेळा एकावर थांबलात?' 'हेच वाक्य तुमचा धाकटा भाऊ बोलला असता तर त्याला काय सांगितलं असतं?' 'हे वाक्य खरं मानलं तर उद्या सकाळी ८ ला काय चित्र असेल?' विचारून गप्प बसा. उत्तर तुम्ही दिलंत की वाद सुरू होतो, आणि वादात तो पिण्याची बाजू घेतो.

मग पर्यायी वाक्य. इथे हमखास होणारी चूक म्हणजे 'मी कधीच पिणार नाही' असलं घोषवाक्य. पर्यायी वाक्यावर त्याचा किती विश्वास बसतो ते ० ते १०० मध्ये विचारा. ६० च्या खाली असेल तर ते बदला. 'माझी एकावर थांबण्याची सवय नाही, हे मला माहीत आहे. आज रात्री ९ पर्यंत काढायचं आहे' या वाक्याला झगमगाट नाही, पण तो ते ८५ टक्के मानतो. हे वाक्य, सोडण्याची तीन कारणं आणि दोन फोन नंबर एका कार्डावर त्याच्याच अक्षरात लिहून खिशात, किंवा फोनच्या पहिल्या पडद्यावर.

तलफ आली की

बहुतेकांना वाटतं, तलफ वाढतच जाणार आणि प्यायल्याशिवाय उतरणार नाही. प्रत्यक्षात ती लाटेसारखी चढते आणि उतरते, बहुतेकदा १५ ते ३० मिनिटांत. त्याला हे कळलेलं नसतं, कारण लाट उतरेपर्यंत तो कधी थांबलेलाच नसतो. सत्रात सराव असा घ्या: पाय जमिनीला टेकवून बसायचं, नुकतीच आलेली एखादी तलफ आठवायची, ती शरीरात कुठे जाणवते ते सांगायचं (घसा, छाती, हात), आणि त्या जागी लक्ष ठेवून श्वास चालू द्यायचा. हाकलायचं नाही, कुरवाळायचंही नाही. दर ५ मिनिटांनी ० ते १०० मध्ये आकडा. आकडा ४० च्या खाली आल्याशिवाय त्याला सत्रातून जाऊ देऊ नका, आणि पहिल्या दोन आठवड्यांत ही आठवण फार तीव्र करू नका.

बाहेर मात्र बसून लाट पाहणं प्रत्येक वेळी जमत नाही. तिथे क्रम ठरलेला हवा: आधी जागा सोडायची, मग ठरलेल्या माणसाला फोन, मग काहीतरी खाणं-पिणं, मग २० मिनिटं हात गुंतवणारं काम. 'मन दुसरीकडे वळवीन' ही योजना नव्हे. 'स्टँडवरून उठून भावाला फोन करीन आणि घरापर्यंत बोलत चालत जाईन', ही योजना.

घरातल्या बाटल्या, ग्लास, उघडणी काढून टाकायला सांगा. 'पाहुण्यांसाठी एक असू दे' हा निर्णय साधा वाटतो, आणि अशाच साध्या वाटणाऱ्या निर्णयांच्या पायऱ्यांवरून माणूस खाली उतरतो. जुन्या गटातल्या एकाला पैसे परत द्यायला स्वतः जाणं, पगार रोख घेणं, सुट्टीच्या दिवशी काहीच न ठरवणं, हे सगळे त्याच जातीचे. दर सत्राच्या शेवटी विचारा: 'या आठवड्यात असा कोणता निर्णय येऊ शकतो?'

नाही म्हणण्याचा सराव

चर्चा करून हे येत नाही. खुर्च्या समोरासमोर घ्या, तुम्ही आग्रह करणारा मित्र व्हा आणि खरोखर आग्रह करा. तो काय बोलतो ते पाहा. बहुतेक जण कारण देतात: 'आज गोळी चालू आहे.' हे कारण दुबळं आहे, कारण गोळी उद्या संपते आणि मित्र उद्याचं आमंत्रण देतो. शिवाय प्रत्येक कारणाला उत्तर असतं. चालणारा क्रम असा: डोळ्यांत पाहून लगेच आणि एकाच वाक्यात 'नको, मी सोडली आहे', मग 'मला सोडावॉटर चालेल', मग विषय बदलायचा, तिसऱ्यांदा आग्रह झाला तर 'पुन्हा विचारू नकोस' असं म्हणून निघायचं. उत्तराला उशीर झाला की समोरच्याला फट सापडते आणि स्वतःच्या मनातही वाटाघाट सुरू होते. सहा-सात वेळा करून घ्या, भूमिका अदलाबदल करा. सुरुवातीचा आवाज आणि सातव्या वेळचा आवाज यातला फरक त्यालाच ऐकू येतो.

रिकामी संध्याकाळ

दारू रोजचे तीन-चार तास व्यापत होती. ते तास मोकळे राहिले तर बाकीचं सगळं काम वाया जातं. आठवड्याचं वेळापत्रक काढून धोक्याच्या तासांवर आधी खूण करा आणि तिथेच काम ठेवा, सकाळी ठेवून उपयोग नाही. कामं छोटी, ठरलेल्या वेळेची, जमल्यास दुसऱ्या कुणासोबतची. सुरुवातीला कशातच गोडी वाटत नाही. हे त्याला आधीच सांगा, नाहीतर तो म्हणेल, 'करून पाहिलं, मजा नाही.' प्रत्येक कामापुढे आनंद आणि 'जमलं' यांचे वेगळे आकडे लिहायला लावा; 'जमलं'चा आकडा आधी वाढतो.

उदासी दिसली तर लक्ष ठेवा. पिण्यामुळे आलेली उदासी बहुतेक वेळा दारू पूर्ण बंद झाल्यावर तीन-चार आठवड्यांत बरीच ओसरते. त्यानंतरही टिकली, किंवा दारूच्या आधीपासूनची असेल, तर तिच्यावर वेगळा उपचार हवा.

घसरला तर

घसरणं होऊ शकतं हे तो कोरडा, म्हणजे दारू बंद केलेला, असतानाच बोलून ठेवायचं. 'म्हणजे मी पिणार असं तुम्ही धरूनच चालता' असं तो म्हणाला, तर उत्तर असं: आग लागेल म्हणून नव्हे, लागली तर दार कुठे ते माहीत असावं म्हणून. घसरणं आणि पुन्हा व्यसनात जाणं यातला फरक अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अॅलन मार्लॅट यांनी १९८० च्या दशकात नेमका मांडला. एका पेगनंतर माणसाला जी अपराधी भावना येते ('मोडली शपथ, मी असाच, माझ्यानं होणार नाही') तीच पुढच्या दहा पेगांकडे नेते. म्हणून 'शपथ' हा शब्द समुपदेशनात वापरूच नये असं आमचं ठाम मत आहे. शपथ एकदा मोडली की संपली. योजना दुरुस्त करता येते.

आणीबाणीच्या कार्डावर लिहा: ग्लास ठेव. जागा सोड. या नंबरवर फोन कर. एका घोटानं आधीचे ४० दिवस पुसले जात नाहीत. २४ तासांच्या आत समुपदेशकाला कळव. काही दिवस किंवा आठवडे कोरडे गेल्यावर दारू पचवण्याची क्षमता कमी झालेली असते, त्यामुळे जुन्या मापानं प्यायलं तर विषबाधेपर्यंत जाऊ शकतं, हेही त्यात हवं. आणि सलग काही दिवस पिणं झालं असेल तर पुन्हा एकट्यानं अचानक बंद न करता डॉक्टरकडे जायचं.

तो परत आला की पहिला प्रश्न 'का प्यायलात?' नको. 'थांबलात कसे?' हा विचारा, कारण तो थांबला आहे म्हणूनच समोर बसला आहे. मग नेहमीसारखी साखळी. नवी कडी सापडली तर घसरणीतूनही योजना पक्की होते.

घरच्यांशी

त्याच्या परवानगीनं एक-दोन सत्रं घरच्यांसोबत घ्या. त्यांना तीन गोष्टी सांगायच्या. तो प्यायलेला असताना वाद घालू नका, सकाळी बोला. न प्यायलेल्या संध्याकाळची दखल घ्या. 'आज बरं वाटलं' एवढं पुरतं. त्याच्यासाठी कामावर खोटं बोलू नका आणि त्याची उधारी फेडू नका, नाहीतर पिण्याचे परिणाम त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. घरात मारहाण होत असेल तर दोघांना एकत्र बसवू नका. आधी मार खाणाऱ्याची सुरक्षितता पाहायची.

आणखी एक गोष्ट, आणि ती कळकळीनं: दारू सोडवण्याची म्हणून मिळणारी गोळी (डायसल्फिरम) त्याला न सांगता जेवणात मिसळू नका. डायसल्फिरमवर दारू प्यायली तर उलट्या, धडधड, रक्तदाब कोसळणं असा त्रास होतो आणि जीवही जाऊ शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. ती गोळी माहीत असलेल्या, संमती दिलेल्या माणसाला, डॉक्टरच्या देखरेखीतच द्यायची असते. नाल्ट्रेक्झोन आणि अकॅम्प्रोसेट ही औषधं वेगळ्या तऱ्हेनं काम करतात आणि सीबीटीसोबत चांगली चालतात. औषध घेणं म्हणजे मनाचा कमकुवतपणा, असा विचार त्याच्या डोक्यात असेल तर त्याचीही पडताळणी करा.

स्वमदत गटांना, उदाहरणार्थ अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसला, विरोध करू नका. १९९७ मध्ये निकाल जाहीर झालेल्या प्रोजेक्ट मॅच या मोठ्या अमेरिकी अभ्यासात सीबीटी, प्रेरणा वाढवणारी पद्धत आणि अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांवर आधारलेली पद्धत यांचे परिणाम जवळपास सारखेच आले. तुमची भेट आठवड्यातून एक तास. उरलेल्या तासांत त्याला माणसं लागतात.

शेवटची सत्रं

दहाव्या सत्रापासून अंतर वाढवा: आधी पंधरा दिवसांनी, मग महिन्यानं, आणि नंतर ३, ६ व १२ महिन्यांनी एकेक भेट. चार-पाच सत्रं होऊनही दिवस आणि युनिट दोन्ही हलत नसतील, तर तीच पद्धत रेटू नका. डॉक्टर, दाखल होऊन उपचार किंवा दुसरा समुपदेशक यांचा विचार त्याच्यासोबत बसून करा. शेवटच्या सत्रात तो स्वतः एक पान लिहितो: माझ्या धोक्याच्या पाच वेळा, त्यांच्या आधी दिसणाऱ्या खुणा, तेव्हा मनात येणारं वाक्य, माझं उत्तर, आणि फोन कुणाला. तुम्ही फक्त वाचायचं आणि एकच प्रश्न विचारायचा: यातली कोणती संध्याकाळ सर्वांत आधी येणार आहे? तारीख लिहून घ्या आणि त्या दिवशी त्यानं कुणाला फोन करायचा ते खोलीतून बाहेर पडण्याआधी त्या माणसाला कळवून टाका.